इगतपुरीच्या खाचरातले परदेशी पाहुणे

कसारा स्टेशनात गाडी थांबली की अब्बा जागेवर बसत नाहीत. दाराशी जाऊन मागे पाहतात. गाडीच्या शेपटाला इंजिन जोडल्याचा हलका धक्का बसला की "बँकर लागला" असे आम्हाला सांगतात आणि मगच निश्चिंत होऊन बसतात. अब्बांची सारी नोकरी इगतपुरीच्या रेल्वेत गेली. फिटर म्हणून लागले, मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. नंतर आम्ही कल्याणला राहायला आलो, पण घाट चढताना अब्बांचा जीव अजूनही इंजिनातच असतो.

थळघाटाचा हा चढ दर ३७ फुटांमागे एक फूट आहे. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कसाऱ्याहून मागून ढकलणारी इंजिने लावतात आणि इगतपुरीला ती सोडवतात. १ जानेवारी १८६५ रोजी हा लोहमार्ग सुरू झाला. बोगदे संपतात, गाडीचा श्वास हलका होतो आणि खिडकीतून गार, ओली हवा आत येते. इगतपुरी आली हे डोळे मिटूनही कळते.

यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही सहा जण निघालो, ते नुसत्या हवेसाठी नव्हे. आमची मोठी मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस या गावी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तिथल्या काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिच्या शिक्षकांनी तिचे नाव सुचवले होते. अर्जावर पालकांची सही हवी होती आणि मुदतीला बारा दिवस उरले होते. घरात रोज तोच विषय निघे आणि रोज अर्धवट राही. अम्मींचे म्हणणे एकच होते, "एकटी मुलगी, एवढ्या लांब?" अब्बा काहीच बोलत नव्हते, आणि आमच्या घरात अब्बांचे न बोलणे हे बोलण्यापेक्षा जड असते. खरे सांगायचे तर आम्हा दोघांचेही मन ठरत नव्हते. तिच्यासमोर आम्ही अभिमानाने बोलायचो, आणि ती झोपायला गेली की काळजीने.

तेवढ्यात घोटीजवळच्या नानांचा फोन आला. "भात निसवलाय. मिस्त्रींना घेऊन या." नाना आणि अब्बा रेल्वेत एकाच शेडला होते. निवृत्तीनंतर नाना आपल्या खाचरांकडे परतले. अब्बांकडे परतायला जमीन नव्हती.

इगतपुरीला उतरून आम्ही जीपने घोटीच्या बाजूला निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरे पायऱ्यांसारखी उतरत गेली होती. भाताच्या लोंब्या नुकत्या बाहेर पडून दाणा भरत होता, आणि उघड्या खिडकीतून एक मंद वास येत होता. तो फुलांचा नव्हता, शिजत्या भाताच्या पहिल्या वाफेसारखा होता. दूर कळसूबाईच्या माथ्यावर ढग अडकलेला. डोंगराच्या उतारांवर मात्र सगळीकडे पिवळा रंग सांडलेला. धाकटा ओरडला, "सोनकी!" मोठीने त्याला थांबवले. "कड्याजवळची ती सोनकी, ती रानात आपोआप येते. इकडे बांधाच्या वर ओळीने दिसते ती खुरासणी. ती पेरलेली आहे."

नानांच्या अंगणात पोहोचलो तेव्हा टोपलीखाली कोंबडा झाकून ठेवलेला होता. "मिस्त्री, तुमच्यासाठीच थांबलोय," नाना म्हणाले. "बिस्मिल्ला तुम्हीच करा." अब्बा हसले आणि बाह्या सरसावून मागच्या दाराकडे गेले. या दोघांच्या मैत्रीत ही गोष्ट कधी बोलून ठरवावी लागली नाही.

दुपारी जेवणाची पंगत बसली. इंद्रायणीचा मऊ भात, कोंबड्याचा रस्सा, नागलीची भाकरी आणि खुरासणीची काळी चटणी. अब्बांनी भातावर रस्सा घेतला, पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "हा आपल्या मातीचा भात. याची सर कशाला येणार नाही. हे सोडून लोक परदेशात काय शिकायला जातात?"

वाक्य नानांना उद्देशून होते, पण जायचे तिथे गेले. मोठीने मान वर केली. आम्हाला वाटले, ती आता रागावेल. ती रागावली नाही. "दादा," ती म्हणाली, "या भाताचा बाप फिलिपाइन्सचा आहे."

नानांचा हात थांबला. "इंद्रायणीचा?"

तिने मग सांगायला सुरुवात केली. तिचे ते बोलणे, आणि घरी आल्यावर आम्ही स्वतः वाचून पडताळले ते, असे दोन्ही इथे देत आहोत. कारण हा भात तुमच्याही घरात शिजत असेल.

१९६०च्या आधी आशियातील बहुतेक भात उंच वाढायचे. त्यांना खत घातले की ते आणखी उंच व्हायचे आणि दाणा भरला की लोळायचे. म्हणजे जास्त खत घालून उत्पन्न वाढण्याऐवजी पीक चिखलात जायचे. लोकसंख्या वाढत होती, धान्य पुरत नव्हते. अशा वेळी १९६० साली फिलिपाइन्स सरकार आणि अमेरिकेतील फोर्ड व रॉकफेलर या दोन प्रतिष्ठानांनी मिळून लॉस बान्योसला ही भात संस्था उभी केली. तिथे निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ एका ठिकाणी आले. १९६२ साली त्यांनी इंडोनेशियातील 'पेटा' हा उंच भात आणि तैवानमधील 'डी-जिओ-वू-जेन' हा बुटका भात यांचा संकर केला. तो त्यांचा आठवा संकर होता. त्यातून निवडलेले वाण १९६६च्या नोव्हेंबरमध्ये 'आयआर-८' या नावाने शेतकऱ्यांना मिळाले. बुटके, ताठ, खत पचवणारे आणि न लोळणारे. पुढल्याच वर्षी आंध्रातील नेक्कंटी सुब्बाराव या शेतकऱ्याने ते आपल्या शेतात लावून भरघोस पीक घेतले, आणि तिथून त्याचे बी भारतभर पसरले.

पण आयआर-८ची एक खोड होती. दाणा जाड आणि खडूसारखा, आणि शिजवलेला भात गार झाला की कडक व्हायचा. पोट भरे, पण जीभ कुरकुरे. आपल्या मावळातला आंबेमोहोर याच्या अगदी उलट. वास असा की शेजारच्या घराला कळावे, पण झाड उंच, लोळणारे आणि उत्पन्न कमी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र वडगाव मावळला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला. वर्षानुवर्षे निवड करत त्यातून १९८७ साली एक वाण बाहेर आले. मावळातून वाहणाऱ्या नदीचे नाव त्याला दिले, इंद्रायणी. सुवास आईकडून आला, ताठ पाठीचा कणा बापाकडून. वडगावहून हे बी घाटमाथ्यावर सगळीकडे गेले आणि इगतपुरी तालुक्याच्या भरपूर पावसात असे रुजले की आज घोटीच्या गिरण्यांमधून निघणाऱ्या पोत्यांवर हेच नाव सर्वांत जास्त दिसते.

"म्हणजे अर्धा आपला, अर्धा परका," अब्बा म्हणाले.

"तोही पुरता परका नाही, दादा. तो पेटा आहे ना, त्याच्या आईबापांपैकी एक चीनकडचा भात आणि दुसरा आपल्या बंगालचा, 'लाटीसैल'. बंगालमधून इंडोनेशियात गेला, तिथून फिलिपाइन्सला आणि नातू होऊन मावळात परत आला."

नाना खो खो हसले. "म्हणजे माहेरी आलेली लेक म्हणायची!" अब्बाही हसले, पण त्यांनी विषय तिथेच सोडून दिला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. अजून काही ठरले नव्हते.

जेवणानंतर नाना आम्हाला वरच्या माळावर घेऊन गेले. खुरासणीचे शेत फुलांनी भरलेले होते आणि त्यातून मधमाश्यांचा एकसारखा आवाज येत होता. खुरासणीला आपल्याकडे कारळाही म्हणतात. हलक्या, उताराच्या, दगडाळ जमिनीत, जिथे भात होत नाही तिथे हे पीक येते. बियांपासून तेल निघते, चटणी होते, पेंड जनावरांना जाते. मोठीने एक फूल हातात धरून धाकट्याला दाखवले. या फुलाला स्वतःच्या झाडाचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाशीने आणून द्यावा लागतो, तेव्हा कुठे बी धरते. माशा कमी झाल्या की फुले दिसतात, पण दाणा भरत नाही.

"नाव खुरासणी, म्हणजे खुरासानहून आली असेल," अम्मी म्हणाल्या.

नावावरून कोणालाही तसेच वाटेल. पण शास्त्रीय नावात या पिकाचा मूळ मुलूख वेगळाच लिहिला आहे, ॲबिसिनिया. म्हणजेच आपला हबशा, आजचा इथिओपिया. तिथे या पिकाला 'नूग' म्हणतात आणि ते तिथले महत्त्वाचे तेलबियांचे पीक आहे. आजही ते मोठ्या प्रमाणात पिकवणारे देश प्रामुख्याने दोनच, इथिओपिया आणि भारत. ताटातली नागलीसुद्धा मूळची पूर्व आफ्रिकेच्या त्याच डोंगराळ भागातली. ही दोन्ही धान्ये फार फार पूर्वी समुद्र ओलांडून आली आणि सह्याद्रीच्या उतारांवर अशी स्थिरावली की आपण त्यांना परके म्हणणेच विसरलो.

"हबशा म्हणजे हजरत बिलाल यांचा मुलूख," अम्मी हळूच म्हणाल्या आणि त्यांनी ते पिवळे फूल पुन्हा एकदा नीट पाहिले.

"आणि मलिक अंबरांचा," अब्बा म्हणाले. निवृत्तीनंतर अब्बांना इतिहास वाचण्याची गोडी लागली आहे. हबशातून गुलाम म्हणून आणलेला मुलगा दख्खनमध्ये निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी शहर वसवले, नहरीने पाणी खेळवले आणि जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली, हे ते आम्हाला माळावर उभे राहून सांगू लागले. १६२६ साली मलिक अंबर वारले. त्यांच्या मुलखातली खुरासणी त्यांच्याही आधी इथे पोहोचली होती.

इगतपुरीचा या पिकाशी आणखी एक संबंध आहे. राहुरी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र इगतपुरीतच आहे. तिथे भाताबरोबर खुरासणीवर वर्षानुवर्षे काम चालते. 'सह्याद्री' हे खुरासणीचे प्रसिद्ध वाण इथलेच. त्याचा क्रमांक 'आयजीपी-७६', आणि त्यातली पहिली तीन इंग्रजी अक्षरे इगतपुरीची. पुढे 'फुले कारळा' हे वाणही इथूनच आले. देशातील दूरच्या राज्यांत नवे वाण तपासायचे असते तेव्हा तुलनेसाठी शेजारी हे इगतपुरीचे वाण पेरतात. हबशातून आलेल्या पिकाला इगतपुरीने आपले नाव दिले.

अब्बांनी विचारले, "मी इतकी वर्षे इथे नोकरी केली. ते केंद्र मी रोज बाहेरून पाहिले. आत काय चालते, हे कधी कोणाला विचारले नाही." हा प्रश्न होता की खंत, आम्हाला कळले नाही.

संध्याकाळी ओसरीवर चहा झाला आणि विषय पुन्हा निघाला. या वेळी अब्बांनीच काढला. "तुमची ती विद्यापीठे तरी आपली आहेत ना? मग बाहेर जायचे कशाला?"

त्याचेही उत्तर सोपे नव्हते. १९४८-४९ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. अमेरिकेत १८६२च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन जी विद्यापीठे उभी राहिली, त्यांचा नमुना मग आपल्याकडे अभ्यासला गेला. त्यांचे वैशिष्ट्य असे की वर्गात शिकवणे, शेतावर संशोधन करणे आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे ही तिन्ही कामे एकाच छपराखाली. १९६० साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले. अमेरिकेच्या मदत कार्यक्रमातून तिथल्या सहा विद्यापीठांनी आपल्या निरनिराळ्या राज्यांशी जोडी जमवली. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले. १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उभारणीच्या त्या वर्षांत तिकडचे प्राध्यापक इकडे आले आणि इकडचे शिक्षक तिकडे शिकायला गेले. पुढे अकोला, परभणी आणि दापोली ही विद्यापीठे वेगळी झाली. अलीकडे जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या प्रकल्पातून राहुरीला हवामान आणि पाणी या विषयांचे प्रगत केंद्र सुरू झाले. म्हणजे 'आपले' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे, त्याच्या पायातही बाहेरचे चार दगड आहेत. त्यावर भिंत आपण बांधली.

आणि जाणारे आधीही गेले आहेत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पुढे मेक्सिकोत स्थायिक झाले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याची नवी वाणे काढली, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. तिथला जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा याने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. शेवटी ते नागपूरला परतले आणि १९६७ साली तिथेच वारले. मेक्सिकोच्या शेतकऱ्याला शिकवणारा हा मराठी माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही.

"ते पुरुष होते," अम्मी म्हणाल्या.

"जानकी अम्माळ बाई होत्या, दादी," मोठी म्हणाली. "केरळच्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या अमेरिकेला गेल्या, मिशिगन विद्यापीठात शिकल्या, १९३१ साली डॉक्टरेट घेतली. परत येऊन कोइमतूरला ऊस गोड करण्याच्या कामाला लागल्या."

अम्मी गप्प झाल्या. आता आमची पाळी होती. आम्ही मनात जपून ठेवलेली सबब काढली. या संस्थेचे दक्षिण आशिया केंद्र २०१८ पासून वाराणसीत आहे, हे आम्ही शोधून ठेवले होते. "तिथे जा ना. आपल्याच देशात आहे. आम्हालाही येता-जाता येईल."

तिने आमच्याकडे पाहिले. ही सबब आहे हे तिला लगेच कळले, पण तिने तसे दाखवले नाही. "वाराणसीलाही जाईन. पण बियांची पेढी लॉस बान्योसला आहे. मला तिथे काम शिकायचे आहे."

ही बियांची पेढी म्हणजे काय, ते आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. जगभरातून आणलेल्या भाताच्या सव्वा लाखाहून अधिक नमुन्यांचे बी तिथे थंड खोल्यांत जपून ठेवले आहे. त्यात आपल्या देशातले हजारो नमुने आहेत. त्याचा उपयोग काय, तर १९७०च्या सुमारास आशियात एका विषाणूने भाताची झाडे खुरटू लागली, गवतासारखी होऊन दाणाच धरेना. शास्त्रज्ञांनी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा एकच सापडला. तो कुठलाही नामांकित भात नव्हता. आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेले रानभाताचे बी होते ते. पंजाबचे डॉ. गुरुदेव खुश हे त्या संस्थेत काम करत होते. त्यांच्या हाताखाली त्या रानभाताचा गुण नव्या वाणांत उतरवला गेला आणि १९७६ मध्ये निघालेले 'आयआर-३६' जगातील कोट्यवधी एकरांवर पोहोचले. आपण नुसते घेणारे नव्हतो, देणारेही होतो. एका ओढ्याकाठचे तण म्हणून उपटून टाकावे असे गवत, कोणीतरी नाव-गाव लिहून जपून ठेवले म्हणून उपयोगी पडले.

नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, सगळं खरं. पण माझ्या बापाच्या वेळी या खाचरांत चार-पाच जातींचा भात असायचा. एक लवकर निघायचा, एक पाण्यात टिकायचा, एक बाळंतिणीला द्यायचा. आता नुसती इंद्रायणी. आणि खताच्या गोणीशिवाय तीही रुसते. ते जुने कुठे गेले?"

हा प्रश्न कोणीही टाळू नये असा आहे. देवघेव नेहमी बरोबरीची असतेच असे नाही. छत्तीसगडच्या भागात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी आयुष्य वेचून सुमारे १९ हजार भातांचे नमुने गोळा केले. बाहेरून घाईने आणलेल्या बुटक्या वाणांवर त्यांचा आक्षेप होता आणि त्यापायी त्यांना आपले पद सोडावे लागले. तोच साठा पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडे आला. २००२ साली त्या साठ्यासंबंधी एका परदेशी कंपनीशी करार होत असल्याचे बाहेर आले, तेव्हा शेतकरी आणि अभ्यासक रस्त्यावर उतरले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच सुमारास, २००१ साली, आपल्या संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. बियांच्या देवघेवीचा आंतरराष्ट्रीय करारही २००४ पासून लागू आहे. म्हणजे दार उघडे ठेवावे, पण उंबऱ्यावर आपला माणूस हवा, ज्याला कागद वाचता येतो.

नानांच्या जुन्या भातांचे उत्तरही फार लांब नाही. कळसूबाईच्या पलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तिथे देशी बियांची बँक उभी केली. संस्थांची साथ मिळाली, पण बी ओळखण्याची नजर त्यांची स्वतःची. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लॉस बान्योसची थंड खोली आणि राहीबाईंचे मातीचे मडके यांत काम एकच चालते. मोठीला दोन्ही ठिकाणी जायचे आहे, असे ती म्हणाली, आणि नानांनी पहिल्यांदा मान डोलावली.

रात्री अब्बा आणि आम्ही ओसरीवर पडलो होतो. पाऊस थांबला होता, ओढ्याचा आवाज येत होता. अब्बांना झोप नव्हती. त्यांनी मोठीला हाक मारली आणि विचारले, "ती पेढी जळाली, बुडाली तर?"

तिने सिरियाची गोष्ट सांगितली. अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीची एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७७ पासून होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा. माणसाने शेती जिथे पहिल्यांदा केली, त्या मुलखातले बी तिथे साठवले होते. युद्ध आले. शास्त्रज्ञांना ती जागा सोडावी लागली. पण लढाई दाराशी येण्याआधीच त्यांनी बियांच्या प्रती नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटावरच्या बर्फातल्या कोठारात पाठवून ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्यांनी त्या परत मागितल्या. त्या कोठारातून बी बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोच्या शेतांत ते पेरले, वाढवले आणि दोन वर्षांनी नव्या बियांची प्रत पुन्हा नॉर्वेला पोहोचती केली.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे अमानत ठेवली होती. आणि त्यांनी ती परत केली."

"हो, दादा."

"हं."

एवढेच. नंतर त्यांच्या घोरण्याचा आवाज आला. आम्ही दोघे मात्र जागे होतो. आम्हाला घाट आठवत होता. गाडी पुढच्या इंजिनानेच जाते, दिसतेही तेच. मागून ढकलणारे इंजिन चढ संपला की सोडवतात आणि ते एकटे कसाऱ्याला परत जाते. आई-बापांचे काम याहून फार वेगळे नसावे. सोडवायची वेळ आली की हात आखडतो, एवढेच.

सकाळी निघताना नानांनी दहा किलो तांदूळ बांधून दिला. काकूंनी अम्मींच्या हाती खुरासणीचे छोटे गाठोडे दिले. अम्मींनी ते मोठीपुढे धरले. "हे तिकडे घेऊन जा. तिथे हलाल मिळते की नाही कुणास ठाऊक. भाताबरोबर चटणी तरी होईल."

आम्ही चमकून अम्मींकडे पाहिले. त्यांनी आमच्याकडे पाहिलेच नाही.

मोठीने ते गाठोडे हातात घेतले, पण मान हलवली. "दादी, कच्चे बी असे पिशवीतून दुसऱ्या देशात नेता येत नाही. त्याबरोबर रोग जातो, किडा जातो, तण जाते. तपासणीचा दाखला लागतो. अमेरिकेत पाखरांना खायला आपली खुरासणी जाते, तीसुद्धा तापवून, उगवणार नाही अशी करूनच आत घेतात."

"मग मी भाजून, कुटून देते," अम्मी म्हणाल्या. "भाजलेले कुठे उगवते?"

"आधी नियम विचारून घेते, मग दे."

अब्बा जीपमध्ये पुढे बसले होते. तिथूनच त्यांनी विचारले, "त्या अर्जाची शेवटची तारीख कोणती म्हणालीस?"

गाडी इगतपुरीहून उतरताना बँकर नसतो, उतरणीला ब्रेक लागतात. अब्बा या वेळी दाराशी गेले नाहीत. चष्मा लावून त्यांनी तो अर्ज मांडीवर घेतला आणि कसारा येईपर्यंत पहिल्या ओळीपासून वाचत राहिले. कुठे अडले तर नातीला विचारत होते. सही कल्याणला गेल्यावर, टेबलावर नीट ठेवून करायची, असे ठरले. चालत्या गाडीत अक्षर वाकडे येते, असे अब्बांचे म्हणणे.